सहावीचं वर्ष

15 जून 2024, शनिवार

शाळा उघडली. यंदा सहावीचा वर्ग माझ्याकडे. हजेरीवर 31 नावं. त्यातली निम्मी आमच्याच शाळेतून पाचवी झालेली. बाकीची नवी: दोन वाड्यांवरची, आणि डोंगराकडच्या तांड्यावरची. तिकडच्या जिल्हा परिषद शाळा पाचवीला संपतात. औंढा तालुक्यातच नाही, सगळ्या हिंगोली जिल्ह्यात कितीतरी लेकरांना सहावीसाठी पहिल्यांदा आपली वस्ती सोडून दुसऱ्या गावात रोज जावं लागतं. पाच वर्षं ज्या दहा-पंधरा जणांत काढली, ते निम्मे सोबत असतात, निम्मे नसतात. वय अकरा-बारा.

या वहीत मुलांची नावं लिहायची नाहीत, असं ठरवलं आहे. ही लेकरं उद्या मोठी होतील. त्यांचं आजचं रडू आणि रुसणं त्यांच्या नावासकट कुणाच्या वहीत राहू नये.

घंटा झाली तशी जुनी मुलं धावत येऊन आपापल्या बाकांवर बसली. कुणी काही ठरवून दिलेलं नव्हतं, तरी कुठला बाक कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवी मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. ‘बसा रे’ म्हटल्यावर जे उरलं होतं तिथे बसली. दाराजवळ आणि मागे. राज्यभर एकच गणवेश द्यायचा निर्णय झालाय, पण ते कपडे अजून आलेले नाहीत. त्यामुळे सगळे जुन्याच गणवेशात. तांड्यावरच्या एका मुलीच्या फ्रॉकचा रंग आमच्याहून वेगळा. वर्गात पाऊल टाकलं की आधी तोच रंग दिसतो.

27 जून, गुरुवार

या आठवड्यात शेगावची पालखी जिल्ह्यातून गेली. पालखी आली की सेनगावपासून औंढ्यापर्यंत रस्ता माणसांनी भरून जातो आणि आमचा वर्ग रिकामा होतो. आज सगळी परत आली.

दुपारी खिचडीच्या पंगतीत जरा वेळ उभी राहिले. तिसऱ्या बाकावरची जोडी इथेही मांडीला मांडी लावून. पहिलीपासूनची जोडी आहे ही. एकाच्या घरी बैलांची जोडी आणि चार एकर रान, दुसऱ्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. मी त्यांना बैलवाला आणि धाकटा म्हणते, धाकटा अंगाने लहान म्हणून. एकाच्या ताटलीतलं मीठ दुसरा न विचारता उचलतो.

पुण्याकडून एक मुलगा आलाय. वडील चाकणला कंपनीत होते, ते काम सुटलं, घर उठवून सगळे गावी आले. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, ‘मॅडम, या वर्गात फॅन नाहीये का?’ वर्ग हसला. तेव्हापासून त्याचं नावच ‘नाहीये’ पडलं. चिडवणाऱ्यांच्या मनात विष नाही हे मला दिसतं, पण त्याला ते दिसत नाही. मागच्या आठ दिवसांत त्याने एकदाही तोंड उघडलेलं नाही.

तांड्यावरची मुलगी पंगतीच्या टोकाला बसते. तिची पाण्याची बाटली तिच्याच जवळ. बाकीच्या पोरींच्या बाटल्या फिरत असतात. तोंड न लावता, वरून धार धरून पितात, एकीची संपली की दुसरीची. हिची बाटली कुणी मागत नाही आणि ती कुणाची मागत नाही. असं वागायचं हे त्यांना कुणी शिकवलं, असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. घरातून, गावातून, विहिरीवरून ते झिरपत येतं. मला हे बोचतं. ‘सगळ्यांनी मिळूनमिसळून राहावं’ हे वाक्य प्रतिज्ञेच्या वेळी रोज वेगवेगळ्या शब्दांत म्हणून होतं, आणि पंगतीत बाटली जिथल्या तिथेच असते. भाषण देणार नाही. बाटल्यांवर लक्ष ठेवणार.

10 जुलै, बुधवार

सकाळी सव्वासातच्या सुमारास घर हललं. फळीवरची भांडी खाली आली, पत्र्याचा आवाज झाला, गल्ली क्षणात रस्त्यावर. 4.5 तीव्रतेचा भूकंप. केंद्र कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याजवळ, असं दुपारपर्यंत कळलं. मार्चच्या 21 तारखेलाही पहाटे एवढ्याच तीव्रतेचा झाला होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीतून येणारा आवाज वर्षानुवर्षांच्या सवयीचा. तरी भीती जात नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं अशा वेळी लगेच 1993 सालचं किल्लारी काढतात.

शाळेत मुलांना आत बसवलंच नाही. लिंबाखाली वर्ग. अभ्यास कुणाच्या डोक्यात नव्हता, म्हणून ज्याने त्याने आपापलं सांगावं असं म्हटलं. कुणाची म्हैस दावं तोडून पळाली, कुणाचा आजा खाटेसकट सरकला. आणि मग मागून बारीक आवाज आला: ‘मॅडम, माझी मावशी तिथंच दिलेली हाय. रामेश्वर तांड्यात.’

सगळी मुंडकी मागे वळली. शाळा उघडल्यापासून वर्गाने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला असेल. मावशीचा सकाळी फोन आला होता. भिंतीला चीर गेली, चुलीवरचा चहा सांडला, लेकरं उघडीच पळाली. ती सांगत होती आणि पोरी सरकत सरकत तिच्याभोवती येत होत्या. ‘मग?’ ‘मग काय झालं?’ आज तिच्याकडे सगळ्यांपेक्षा जास्त सांगण्यासारखं होतं. बोलता बोलता घशाला कोरड पडली तशी तिने बाटली काढली, दोन घोट प्याली. शेजारी बसलेल्या मुलीने, जी वाडीवरून येते, काही विचार न करता हात पुढे केला. ‘दे गं मला.’ वरून धार धरली, प्याली, परत दिली आणि पुन्हा विचारलं, ‘मग मावशी कुठं झोपली?’

मी काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

16 जुलै, मंगळवार

उद्या आषाढी. आज शाळेची दिंडी काढली. टाळ कमी, आवाज जास्त.

परत आल्यावर नामदेवांची गोष्ट निघाली. नर्सी इथून जवळ, औंढा त्याहून जवळ, त्यामुळे मुलांना ती घरातल्यासारखी माहीत असते. औंढ्याच्या नागनाथापुढे नामदेव कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवून देवळाच्या मागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. म्हणून तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. ज्याने त्याने नंदी कुठे आहे ते हातवारे करून दाखवलं.

‘मग जे पुढं बसले होते त्यांचं काय झालं?’ हा प्रश्न ‘नाहीये’ने विचारला.

कुणालाच उत्तर येईना. बैलवाला म्हणाला, ‘त्याइच्या तोंडापुढं भिंत आली असंल.’ सगळे हसले, तोही हसला. आज पहिल्यांदा वर्ग त्याला हसला नाही, त्याच्यासोबत हसला. दुसऱ्या तासाला मी बाकांची रचना बदलली. दर पंधरवड्याला मागची रांग पुढे, पुढची मागे. कारण विचारलं तर सांगितलं, फळ्यावर उजेड पडतो म्हणून. तेही खरंच आहे.

8 ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मानव विकासच्या बसने आले. निळी बस, मुलींसाठी फुकट; राज्यातल्या मागास 125 तालुक्यांत या बस धावतात आणि त्यात आमचा जिल्हा आहे. ही बस नसती तर सहावीच्या पटावरच्या वाडी-तांड्याच्या मुली निम्म्याही राहिल्या नसत्या, हे मी छातीठोकपणे सांगते. पायी यायला सांगितलं की बाप म्हणतो, ‘पाचवी झाली, बास झालं.’ पास फुकट असून भागत नाही, गाडी दारापर्यंत यावी लागते.

या बसचा दुसरा उपयोग शासनाच्या कुठल्या कागदात नसेल. वाडीवरून मुली आधी चढतात, तांड्याचा फाटा त्यानंतर येतो. तोवर बस खच्चून भरलेली. आज वाडीवाली खिडकीजवळ बसली होती आणि शेजारच्या जागेवर दप्तर. एक मोठी मुलगी, नववीतली असेल, म्हणाली, ‘उचल ते दप्तर.’ ‘जागा धरलीय.’ ‘कोणाची?’ ‘हाय एकजण.’ मोठीने दप्तर उचलून मांडीवर ठेवलं, वाडीवालीने परत जागेवर ठेवलं. फाट्यावर बस थांबली. तांड्याच्या तिघी-चौघी चढल्या, त्यात ही. दप्तर उचललं गेलं, ही बसली. एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. लगेच गणिताच्या वह्या निघाल्या, कारण गृहपाठ दोघींचाही झालेला नव्हता.

सहावीच्या वयात लेकराला आईवडिलांचं प्रेम पुरत नाही. त्याला आपल्या वयाचं एक माणूस लागतं. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी हे फार ठामपणे मांडलं. 1953 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या पुस्तकात ते आहे. वयात येण्याच्या जरा आधी मुलाला एक जिवलग मिळतो, आणि दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकंच महत्त्वाचं वाटायला ते मूल तिथे पहिल्यांदा शिकतं, असं त्यांचं म्हणणं. डी.एड.ला हे वाचलं तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं. आता त्या दप्तरासमोर ते पटतं.

4 सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस पावसाने जिल्हा झोडपला. रविवारी आणि सोमवारी तर थांबलाच नाही. कयाधूला पूर, रस्ते तुटले, सोयाबीन पाण्यात. सोमवारी पोळा होता. बैल सजवून दारातच उभे. कुणाच्या घरी शिंगांना लावलेला रंग पावसाने ओघळून मानेवर आला. शेतकऱ्याच्या वर्षातला एकच दिवस बैलाचा, तोही असा गेला. मुलांनी आज वर्गात पिकाचं बोलणं मोठ्या माणसांसारखं केलं. कुणी किती एकर गेलं ते सांगत होतं. मी त्यांना बोलू दिलं.

त्यात एक गोष्ट अशी झाली. ‘नाहीये’चं घर ओढ्यापलीकडे, रानात. रविवारी दुपारी तो खांदेमळण बघायला बैलवाल्याकडे आला होता. बैलवाल्याने बोलावलं की हा आपण होऊन आला, यावर दोघांचं एकमत नाही. संध्याकाळी ओढा भरून वाहू लागला आणि तो अडकला. दोन रात्री तिथेच राहिला. धाकटाही तिथेच पडून होता, त्याच्या घराचं छप्पर गळत होतं.

आज तो सांगत होता. बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा, मग हळद आणि तूप घेऊन हाताच्या तळव्याने गोल गोल चोळायचं, जोखडाखाली जिथे कातडी जाड होऊन घट्टा पडलेला असतो तिथे जास्त वेळ. बैल मान खाली करतो. मग उद्याच्या जेवणाचं आवतण त्याच्या कानात द्यायचं. हे सगळं तो मला शिकवत होता, मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे हे विसरून. मी ऐकत राहिले. ‘आमचा पवळ्या लई गरीब हाय, मॅडम.’ आमचा! आणि ‘लई’! बैलवाला शेजारीच उभा होता, त्याने दुरुस्त केलं नाही.

17 सप्टेंबर, मंगळवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन, वर गणपतीचं विसर्जनही आजच.

मी सहावीत गेले ते 1999 साल. त्याच वर्षी 1 मेला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वहीच्या पहिल्या पानावर ‘जि. परभणी’ लिहायची सवय, ते खोडून ‘जि. हिंगोली’. आमच्या बाकावर तिघी होतो. तिघींनी एकाच दिवशी एकाच पेनने खोडलं होतं. एक आता नांदेडला असते, एक गेली. आज झेंड्याखाली उभं राहून त्या दोघीच आठवत होत्या.

9 ऑक्टोबर, बुधवार

मुलींमध्ये काहीतरी बिनसलं आहे. मुलांचं भांडण मैदानावर दिसतं, मुलींचं दिसत नाही. ते कुजबुजीत, डोळ्यांच्या कडांत, ‘तिला सांगू नको’मध्ये चालतं. गावातल्या चौघींचा एक घोळका आहे. त्यातल्या एकीचा वाढदिवस होता, केक कापला, घोळक्यातल्याच एकीला बोलावलं नाही. का, ते कुणी सांगत नाही. ती आज मधल्या सुट्टीत एकटी नळापाशी उभी होती आणि हात धुतल्याचं नाटक बराच वेळ करत होती.

मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं. ‘होईल उद्या गोड’ म्हणतात. होतंही कधी कधी. पण बारा वर्षांच्या मुलीला तो एक दिवस वर्षभरासारखा जातो, आणि अशाच दिवसांत पोटदुखी, डोकेदुखी, गैरहजेरी सुरू होते. गैरहजेरी वाढली की आमच्याकडे स्थळ यायला वेळ लागत नाही. म्हणून मला यात क्षुल्लक काही दिसत नाही.

मध्यस्थी केली तर चौघी माझ्यासमोर हात मिळवतील आणि दाराबाहेर सोडतील. त्यापेक्षा काम दिलं. परसबागेतली मेथी आणि पालक काढून निवडून स्वयंपाकाच्या मावशीकडे द्यायची, आठवडाभर, एकटी राहिलेली आणि बसमधल्या दोघी. निवडताना हात चालू असतात, डोळे खाली असतात, समोरासमोर पाहावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. मेथी निवडून झाली तरी आज तिघी उठल्या नाहीत.

दसऱ्याचं प्रदर्शन बघायला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर कोण कोणाबरोबर जाणार, याची चर्चा चालू आहे. आकाशपाळण्यात एका डब्यात किती बसतात, यावरून जोड्या ठरतायत.

14 नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीची सुट्टी संपली. आज बालदिन. वर्गात धाकटा नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेले होते. दसऱ्यालाच मुकादमाकडून उचल घेतलेली. नवराबायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर ती उचल. टोळी कर्नाटकात, बेळगावकडे जाणार. मी म्हटलं, पोराला ठेवा, आजी आहे. त्याची आई म्हणाली, ‘मॅडम, बारकी दीड वर्षाची हाय. मी फडात कोयता चालवू का तिला बघू? हाच बघतो तिला.’ यावर काय बोलणार! पहाटे चारला ती बाई फडात उतरणार, मोळ्या बांधणार, डोक्यावरून गाडीत भरणार. कोपीत लेकरू एकटं कसं राहील? शिकण्याचा हक्क कायद्यात 2009 पासून आहे. त्या कायद्यासमोर दीड वर्षाची एक मुलगी बसलेली आहे, आणि तिला सांभाळायला कुणीतरी असल्याशिवाय तिच्या भावाचा हक्क कागदावरच राहतो. जिथे हंगामी वसतिगृह चालतं तिथली काही मुलं मागे राहू शकतात. आमच्या गावात तेवढी मुलं भरत नाहीत.

धाकट्याला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. तिकडची शाळा कानडी असेल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याने कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं.

आज बैलवाल्याने बाकावरच्या त्याच्या जागेवर स्वतःचं दप्तर ठेवलंय. हजेरीला मी नाव घेतलं, तर त्यानेच उत्तर दिलं, ‘गेला.’

12 डिसेंबर, गुरुवार

दप्तर खाली आलं. त्या जागेवर आता पुण्याचा मुलगा बसतो. (‘नाहीये’ हे नाव पोळ्यानंतर कधी गळून पडलं ते कळलंच नाही.) मी काही बोलले नाही. चार महिने रिकाम्या जागेशेजारी बसायला एखाद्या लेकराला कसं सांगायचं?

3 जानेवारी 2025, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. मुलींनी भाषणं केली, पाठ केलेली. नंतर मी त्यांच्या पत्राबद्दल सांगितलं. ऑक्टोबर 1856 मध्ये आजारपणामुळे माहेरी नायगावला असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात सोबत शिकवणाऱ्या फातिमेची काळजी आहे. आपण नसल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं.

‘म्हणजे ती सावित्रीबाईची मैत्रीण होती का, मॅडम? का नुसती सोबत शिकवायची?’ हा प्रश्न ऑक्टोबरात नळापाशी उभ्या असलेल्या मुलीचा. तांड्यावरचीने माझ्याआधी उत्तर दिलं: ‘कुरकुर करणार नाही हे जिला माहीत ती मैत्रीणच असंल ना.’

15 फेब्रुवारी, शनिवार

सेवालाल महाराजांची जयंती. तांड्यावरचीने घरून लापशी आणली, डबा भरून, वर्गाला पुरेल एवढी. सकाळची शाळा होती, दप्तराशिवायचा शनिवार. तिने सेवालाल महाराजांची माहिती सांगितली, आधी मराठीत, मग पोरींनी हट्ट धरला म्हणून गोरमाटीत. घरातली आपली भाषा ती वर्गात पहिल्यांदा बोलली. वाडीवाली मधूनमधून शब्द आधीच सांगत होती. आईला याडी म्हणतात हे तिला केव्हाच ठाऊक. हिच्या आईला ती याडीच म्हणते.

हळद निघतेय. आमच्या भागाचं हे मोठं पीक. वसमतच्या हळदीला गेल्या वर्षी भौगोलिक मानांकनही मिळालं. रानोरान कुकर लागलेत, शिजणाऱ्या हळदीची वाफ रस्त्यावर येते. निम्म्या मुली दुपारनंतर हळद वेचायला जातात आणि सोमवारी पिवळ्या नखांनी येतात. त्या जोडीनेच जातात, एकीच्या रानात एक दिवस, दुसरीच्या रानात एक दिवस. शाळा बुडते म्हणून मी रागावते. त्या एकमेकींशी बोलत बोलत ओळीने चाललेल्या दिसल्या की राग अर्धा राहतो, अर्धा मात्र राहतोच.

11 मार्च, मंगळवार

धाकटा आला. यंदा ऊस कमी, कारखाने लवकर बंद झाले, टोळ्या होळीच्या आधीच परतल्या.

तो दारात उभा राहिला तेव्हा वर्ग ओरडला, ‘आला!’ उंची वाढली आहे. हातांवर उसाच्या पानांचे चरे. ओरडून झालं आणि मग कुणालाच पुढे काय करायचं ते कळेना. त्याने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. पुण्याचा मुलगा चटकन उठला: ‘बस ना, ही तुझीच जागा.’ ‘नको.’ आणि तो दाराजवळच्या बाकावर, जूनमध्ये नवी मुलं बसली होती तिथे जाऊन बसला.

बैलवाला दिवसभर मागे वळून पाहत होता. धाकटा फळ्याकडे पाहत होता. फळ्यावर अपूर्णांक होते, ते त्याला कळण्याचं कारण नव्हतं.

आपण मोठी माणसं समजतो, लेकरांची मैत्री घट्ट, चार महिन्यांनी भेटली तरी तिथूनच पुढे सुरू. तसं होत नाही. चार महिन्यांत इथे नवे खेळ आले, नवी टोपणनावं पडली, कुणाची कुणाशी कट्टी झाली आणि मिटलीही. यातलं काहीच त्याच्याजवळ नाही. जे त्याच्याजवळ आहे ते इथे कुणाला विचारावंसं वाटत नाही. ऊसतोडीच्या मुलांच्या बुडालेल्या अभ्यासाची मोजदाद तरी होते. हे जे दुसरं बुडतं त्याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

27 मार्च, गुरुवार

धाकट्याला आज उजळणीच्या तासाला मी विचारलं, तिकडे दहापर्यंत कसं मोजतात. तो उभा राहिला. ‘ओंदु, एरडु, मूरु...’ दहापर्यंत न अडखळता गेला. मोळ्या मोजताना शिकला म्हणे. मग पोरांनी त्याला सोडलंच नाही. पाण्याला काय, भाकरीला काय, शिवी कोणती. शिवीचं उत्तर त्याने दिलं नाही, मी तिथे होते.

मधल्या सुट्टीत मैदानावर गट पाडताना कप्तान कानडीत मोजून गडी निवडत होते. तो मात्र बैलवाल्याच्या विरुद्ध गटात गेला, मुद्दाम.

तिघांचं जमणं दोघांपेक्षा अवघड असतं. दोघं बोलू लागले की तिसरा बुटाची नाडी बांधू लागतो. आज तो तिसरा पुण्याचा मुलगा होता. परवा बैलवाला होता.

24 एप्रिल, गुरुवार

उद्या शेवटचा पेपर. परीक्षा सकाळच्या सत्रात, ऊन मी म्हणतंय, तरी पेपर सुटल्यावर पोरं मैदानावर.

कार्यालयात बसून पेपर बांधत होते, तर बाहेर कालवा. खिडकीतून पाहिलं. धाकटा बॅट घेऊन खेळपट्टीच्या मधोमध उभा, हलायला तयार नाही. चेंडू भिंतीला लागून आला आणि पुण्याच्या मुलाने झेलला, म्हणून तो बाद. धाकट्याचं म्हणणं, भिंतीचा झेल कधीपासून धरायला लागले?

‘जानेवारीपासून,’ बैलवाला म्हणाला. ‘तू फडावर होतास तवा नियम बदलला.’

‘मला न इचारता कामून बदलला?’

‘तू इथं नव्हतास ना!’

‘नव्हतो म्हून काय झालं? मी टीममधी हाव का न्हाई?’

आवाज इतका चढला की स्वयंपाकाच्या मावशी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, ‘सोडवा की मॅडम, हाणतील एकमेकाला.’ मी म्हटलं, थांबा थोडं. गेल्या सहा आठवड्यांत धाकटा पहिल्यांदा बैलवाल्याच्या अंगावर ओरडत होता आणि बैलवाला त्याला तसंच उत्तर देत होता. पुण्याचा मुलगा मध्ये पडून दोघांनाही ढकलत होता, आणि दोघं मिळून त्याला सांगत होते की तू बोलू नको, तू तर आत्ता आलास. त्यावर तोही चिडला. ‘मी जूनपासून आहे इथे! हा चार महिने नव्हता, मग आत्ता कोण आलंय?’

बराच वेळ गेला. शेवटी ठरलं ते असं: भिंतीचा झेल आजपुरता धरायचा नाही, नियमाचा निकाल उद्या पेपर सुटल्यावर सगळ्यांसमोर हात वर करून. धाकट्याने पुन्हा बॅट धरली. पुण्याचा मुलगा चेंडू घेऊन धावत आला आणि पहिलाच चेंडू असा टाकला की यष्टी म्हणून मांडलेल्या तिन्ही विटा आडव्या झाल्या.